अंगठ्याशेजारचं बोट

मी ब्लाऊज शिवते. ‘शिवायचे’ म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला आमचं तळमजल्याचं घर आहे. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार, असं बावीस वर्षं चाललं. हे सगळं मी डाव्या हाताने मोबाइलवर टाइप करतेय, तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. आणि धीर देणारं काहीतरी वाचायला मिळेल म्हणून आला असाल तर आधीच सांगते, माझ्याकडे तसलं फार काही नाही. माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट गेलं. म्हणजे आहे जागेवर, पण वाकत नाही.

आजाराचं नाव सोरायटिक आर्थ्रायटिस. सोरायसिस म्हणजे कातडीवर खपल्या धरतात तो आजार. तोच सांध्यांत शिरला की त्याला हे लांबलचक नाव मिळतं. मला ते नाव कळायला पावणेदोन वर्षं लागली. सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारून मोकळं व्हायला मलाही आवडलं असतं. पण तसं झालेलं नाही.

लिंबू

सुरुवात टाचेपासून झाली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. मी म्हटलं, पायाची मशीन चालवतेय इतकी वर्षं, टाच दुखणारच. मिस्टरांनी मऊ चपला आणून दिल्या. ते कंपनीत स्टोअर सांभाळतात, त्यांच्या हिशोबाने प्रत्येक गोष्टीला एक वस्तू असते, ती आणली की काम झालं.

मग गणपतीच्या आधी, ऑर्डरींच्या ऐन धबडग्यात, बोट सुजलं. नुसतं पेर नाही हं, अख्खं बोट. मुळापासून टोकापर्यंत एकसारखं जाड आणि लालसर. शिवणाऱ्या बाईला बोटाचं कौतुक नसतं, टोचणं रोजचंच. शेजारच्या वहिनी बघून म्हणाल्या, “अगं, नखुरडं आहे हे. लिंबू लाव.” लिंबाला भोक पाडायचं आणि बोट त्यात खुपसून बसायचं. आठ दिवस मी बोटावर लिंबू घालून घरभर फिरले.

“मम्मी, बोटाला हेल्मेट घातलंयस तू,” ऋचा म्हणाली. ऋचा माझी मुलगी, तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली. हसलो आम्ही दोघी खूप.

सूज काही उतरली नाही. सकाळी तर मूठच मिटायची नाही. चहाचं पातेलं मी दोन्ही तळव्यांत धरून उतरवायचे. तास-दीड तास गेला, हात कामाला लागले की बोटं जरा सुटायची. त्यामुळे मला वाटायचं, काम केलं की बरं वाटतंय, म्हणजे काम वाढवू या. काय अक्कल! आता कळतं, विश्रांतीने जे दुखणं जखडतं आणि हालचालीने सुटतं, ते झिजेचं नसतं, आतल्या सुजेचं असतं. तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

“आमच्यात कोणाला काही नाही”

शेवटी हाडाच्या डॉक्टरांकडे गेले. मिस्टरांना सुट्टी नव्हती म्हणून कळव्याहून आईला बोलावून घेतलेलं. माझी आई चौऱ्याहत्तरची, बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, कळव्याच्या घरात एकटी राहते आणि कोणाचं ऐकत नाही.

आमच्याकडे दवाखान्यात जायचं म्हणजे नीटनेटकं जायचं. आईचं म्हणणं, गबाळ्या बाईकडे डॉक्टर बघतसुद्धा नाहीत. मी तेल लावून घट्ट अंबाडा घातला. नखांना गडद मरून नेलपेंट लावलं. तेलाखाली काय होतं? डोक्यात जाड पापुद्रे होते. खाजवलं की रक्त यायचं. मी त्याला कोंडा म्हणायचे. नेलपेंटखाली काय होतं? नखांवर बारीक बारीक खड्डे होते, टाचणीने टोचून काढल्यासारखे. दोन नखं तर टोकाकडून सुटत चाललेली. शिवणाऱ्या बाईची नखं चांगली दिसायला नकोत? म्हणून वर्षभर रंगवत होते.

डॉक्टर चांगले होते, त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. बोट नीट बघितलं त्यांनी. म्हणाले, “सांधा एकटा सुजलेला नाही, सगळं बोटच सुजलंय.” मग त्यांनी अगदी नेमकं विचारलं, “अंगावर कुठे खपल्या, चट्टे? घरात कोणाला सोरायसिस होता का? आईवडील, भावंडं?”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “छे छे! आमच्यात कोणाला काही नाही.”

आणि मी गप्प बसले. डोक्याचं सांगितलं नाही. बोट दाखवायला आलेय, केसांचं कशाला काढा? टाचेचंही सांगितलं नाही. हाडाच्या डॉक्टरकडे कोंड्याचं बोलायचं नाही, स्किनच्या डॉक्टरकडे गुडघ्याचं बोलायचं नाही, हे आपण आपणच ठरवून टाकलेलं असतं. डॉक्टरांना वेळ नसेल, हसतील, असं वाटतं.

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. वाताची टेस्ट निगेटिव्ह आली. एक्स-रेसुद्धा साफ. मिस्टरांनी जिलबी आणली त्या दिवशी. डॉक्टर म्हणालेले, गोळ्या घ्या आणि पंधरा दिवसांत सूज उतरली नाही तर परत या. पण रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर कोण परत जातं? मी तर ती फाइल कपाटात सगळ्यात वर ठेवली, कोणी विचारलं तर दाखवायला.

वर्ष

पुढचं वर्षभर मी दुखणं मारायच्या गोळ्यांवर काढलं. गोळी घेतली की चार तास हात माझा, नंतर त्याचा.

सुईत दोरा ओवता येईना. कात्री हातातून पडायला लागली. एका लग्नाच्या ब्लाऊजची बाही मी वाकडी कापली. गिऱ्हाईक बाई काही बोलली नाही, हसून घेऊन गेली आणि परत आली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मला मरणाची भीती वाटत नव्हती, खरं सांगते. भीती त्या बोटाची वाटत होती. मला दुसरं काही येत नाही हो. दहावी झाल्यावर क्लास लावला, तेव्हापासून हेच.

घरात धुसफूस सुरू झाली. मिस्टर म्हणायचे, “तू ऑर्डरीच घेऊ नकोस ना.”

“मग काय करू? भिंतीकडे बघत बसू?”

“मी असं म्हटलं का?”

“तुम्ही काही म्हणतच नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे.”

ते बिचारे भांडी घासायला लागले, तेसुद्धा न सांगता. आणि मी त्यावरूनही चिडायचे, कढईला तेल तसंच राहिलं म्हणून. दुखणाऱ्या माणसाशी राहणं सोपं नसतं. मी त्या वर्षात फार वाईट वागले त्यांच्याशी. माफी मागितली नाहीये अजून, इथे मागते.

मग केस विंचरता येईनात. कंगवा धरायला बोट वाकायला लागतं. एका रविवारी ऋचाने मला पुढ्यात बसवलं आणि भांग पाडता पाडता थांबली.

“मम्मी, हे काय आहे?”

“कोंडा आहे गं. तेल लाव.”

“कोंडा नाहीये हा. मम्मी, कानामागेपण आहे.” तिने माझा हात ओढून घेतला. नेलपेंट अर्धं उडालेलं, नख दिसत होतं. बोटाकडे बघितलं, परत डोक्याकडे बघितलं. “तू हे सगळं एका डॉक्टरला एकत्र दाखवलंयस का कधी?”

मी म्हटलं, “एकत्र कशाला?”

पोरीने कपाळावर हात मारला. दुसऱ्याच दिवशी तिने ठाण्याला सांध्यांच्या वाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली. असे डॉक्टर वेगळे असतात, हेही मला माहीत नव्हतं.

ठाणे

मिस्टरांनी सुट्टी टाकली. आम्ही तिघं रिक्षाने गेलो, शिळफाट्यावरून, त्या खड्ड्यांतून. प्रत्येक खड्डा टाचेत कळत होता. जायच्या आधी मी काय केलं असेल? नेलपेंट लावलं. सवय हो, दुसरं काय.

डॉक्टर तरुण बाई होत्या. माझं ऐकून घेतलं, टोकलं नाही, मग हात टेबलावर ठेवायला सांगितले आणि म्हणाल्या, “काकू, हे पुसावं लागेल.”

“काय?”

“नेलपेंट. मला नखं बघायचीत.”

ऋचा धावत खाली जाऊन रिमूव्हर घेऊन आली. सिस्टरने कापसाने दहाही नखं पुसली. मला इतकी लाज वाटली! नवऱ्यासमोरसुद्धा मी ती नखं उघडी ठेवली नव्हती. मग अंबाडा सोडायला लावला. कानामागे बघितलं. बेंबी बघितली. बेंबी! म्हणाल्या, “हा आजार लपून बसतो, म्हणून लपायच्या जागा शोधाव्या लागतात.” बेंबीतही लाल चट्टा होता. मला स्वतःला माहीत नव्हता. टाच दाबली तेव्हा मी ओरडले.

मग त्यांनी कागद घेतला. “आधी सांधा, पाठ किंवा टाचेसारखी स्नायूची दोरी हाडाला चिकटते ती जागा, यांत कुठेतरी सूज असायला हवी. ती आहे. आता मार्क मोजू. कातडीवर सोरायसिस आज दिसतोय, दोन. नखांवर खड्डे, एक. अख्खं बोट सुजलंय, एक. वाताची टेस्ट निगेटिव्ह, एक.”

“पण निगेटिव्ह म्हणजे चांगलं ना?” मिस्टर म्हणाले. त्यांची ती जिलबी मला आठवली.

“निगेटिव्ह म्हणजे तो नेहमीचा वात बहुतेक नाही. आजारच नाही, असं नाही.” मग त्या म्हणाल्या, “तीन झाले की पुरतात. तुमचे पाच झाले. खरं तर ही मोजणी आम्ही अभ्यासासाठी करतो, सगळे एकसारखे पेशंट निवडायला. तुमचं निदान मार्कांवरून नाही करत मी, तुम्हाला बघून करते. पण कुठे काय शोधायचं, ते यादीमुळे चुकत नाही.”

नवा एक्स-रे काढला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. बोटाच्या मधल्या सांध्यापाशी हाडाच्या कडेला नवीन हाड धरलेलं, कापसाचे तंतू चिकटल्यासारखं, आणि सांध्यातली फट जवळजवळ गेलेली.

“हा सहावा,” त्या हळू म्हणाल्या.

शाळेत मला कधी इतके मार्क मिळाले नव्हते. हा शेवटचा मिळायला नको होता. पहिल्या एक्स-रेत तो नव्हता.

त्यांनी आणखी एक विचारलं, घरात कोणाला सोरायसिस होता का. मी म्हटलं, नाही, आई म्हणाली नाही. त्या म्हणाल्या, “आता त्याचा वेगळा मार्क नाही, तुमच्या अंगावरच दिसतोय. पण कातडीवर काही सापडत नसेल तेव्हा घरचा इतिहास फार कामाला येतो.”

 येताना रिक्षात ऋचाने माझा हात मांडीवर धरून ठेवलेला, खड्ड्यांत हलू नये म्हणून.

टोपी

बाबा कायम टोपी घालायचे. घरातसुद्धा. मला वाटायचं, जुन्या माणसांची सवय. ठाण्याहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी एकटी कळव्याला गेले आणि आईला चहासुद्धा करू दिला नाही.

“आई, बाबांच्या डोक्यात काय होतं?”

ती गॅसपाशी उभी होती. वळली नाही. “कोंडा होता.”

“आई.”

“खपल्या होत्या,” ती म्हणाली. “कोपरालापण होत्या. म्हणून बाह्या खाली असायच्या त्यांच्या. लोकांनी कोड म्हटलं असतं, महारोग म्हटलं असतं. तुझं लग्न जमत होतं गं. कोणी दिलं असतं का स्थळ?”

“माझं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली! त्या डॉक्टरला का नाही सांगितलंस?”

“आता ऋचाचं बघायचंय ना,” आई म्हणाली.

 मला इतका राग आला! आणि मग तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, की शेवटची सहा-सात वर्षं बाबांच्या शर्टाची बटणं तीच लावायची. त्यांना मूठ मिटता यायची नाही. वात आहे म्हणून काढा द्यायची. माझ्या बाबांच्या हातांकडे मी कधी बघितलंच नव्हतं. दिवाळीला जायचे, जेवायचे, यायचे.

तरी मी ओरडलेच. म्हटलं, “तुझ्या लाजेपायी माझा हात गेला.” चाळीतल्या शेजारणीने दार लोटून घेतलं, इतकी ओरडले. माझं स्वतःचं डोकं मीही त्याच डॉक्टरपासून लपवलेलं, ते तेव्हा सोयीस्कर विसरले. आई रडली नाही. पदराने गॅस पुसत राहिली, स्वच्छ होता तरी.

गोळी

आता आठवड्यातून एकदा गोळी असते. एकदाच. रोज घ्यायची नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं आणि मिस्टरांनी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं. शनिवारी गोळी, रविवारी मळमळ. रविवारी घरात मासे करत नाहीत आता, वास सहन होत नाही म्हणून, आणि आमच्या कोकणातल्या माणसाला याहून मोठा त्याग सांगता येणार नाही. ठरलेल्या दिवशी रक्त तपासायला ठाण्याला जायचं, लिव्हर ठीक आहे का बघायला. तिथली एक सिस्टर डाव्या हाताची शीर पहिल्या झटक्यात पकडते. तिची ड्यूटी असली की मला तो दिवस चांगला गेला असं वाटतं. माझी सुखं आता एवढी झालीत.

तीन-चार महिन्यांत टाच दुखायची थांबली. बाकीची बोटं सुटली. मूठ मिटते, चार बोटांची. पाचवं मधेच काठीसारखं उभं राहतं. मी सारखी त्याच्याकडे बघायचे. वाटायचं, गोळीचा परिणाम हळूहळू होतो, उद्या जरा हलेल. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी वाकवून बघायचे.

मग एकदा डॉक्टरांना विचारलंच. मिस्टर नको नको म्हणत होते. “मॅडम, त्या पहिल्या वेळेलाच सगळं कळलं असतं तर?”

“खात्री कोणीच देऊ शकत नाही. पण तेव्हा एक्स-रे साफ होता. तेव्हा औषध सुरू झालं असतं तर बहुतेक हे बोट वाचलं असतं, काकू.”

“आता?”

“आता हे नाही वाकणार. बाकीची नऊ सांभाळू.”

मी मान हलवली. बाहेर येऊन बाकावर बसले आणि मिस्टरांना म्हटलं, मशीन झाकून ठेवू या. ते म्हणाले, राहू दे ना, पिको-फॉलपुरती तरी. ते माझ्यापेक्षा जास्त रडले त्या दिवशी.

हे वाचून कोणाला आपलं काही आठवत असेल, तर एवढंच करा. सकाळी सांधे तासभर जखडत असतील, एखादं बोट सगळंच सुजलं असेल, टाच दुखत असेल, नखांवर खड्डे असतील, तर ते सगळं एकाच दिवशी एकाच माणसासमोर मांडा. वेगवेगळ्या खोल्यांत वाटून देऊ नका. रिपोर्ट नॉर्मल आला तरी सूज आहे ना, मग परत जा. आणि नखं रंगवून जाऊ नका. ऋचासाठी स्थळ आलं तर आम्ही आधीच सांगणार आहोत. ती म्हणते, “मम्मी, तूच सांग, तुला सांगताना मजा येते.” मला मजा येत नाही. पण सांगणार.

आई

दोन महिने मी आईशी बोलले नाही. मग ती स्वतःच आली, पिशवीत दोन साड्या आणि तिळाच्या तेलाची बाटली घेऊन, आणि राहिली. कोणी या म्हटलं नव्हतं, जा पण कोणी म्हटलं नाही.

दुपारी जेवणं झाली की ती वाटीत तेल कोमट करते आणि माझा हात घेते. बोटाच्या मुळापासून टोकापर्यंत चोळते. डॉक्टर म्हणाल्यात, चोळल्याने काही होणार नाही, फक्त ओढू नका. ती ओढत नाही, पण वाकवून बघते. रोज. एवढंसं, मधल्या सांध्यावर अंगठा ठेवून. दुखतं मला. मी हात काढून घेत नाही.

परवा अशीच चोळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “सुरेखा, तेव्हा त्या डॉक्टरला मी हो म्हटलं असतं, तर हे वाकलं असतं का गं?”

तिचे हात थांबले होते. तेलाने माखलेलं माझं बोट तिच्या मुठीत होतं.

“नाही गं आई,” मी म्हटलं. “तरी असंच झालं असतं.”